माळावरची लग्नं

फार जुनी गोष्ट आहे, लहानांनो आणि थोरांनो. एका राज्यात वाजंत्र्यांचा एक ताफा होता. त्याच्या नाईकाची चाल बांधायची रीत निराळी. तो वाद्यासाठी चाल बांधत नसे, माणसासाठी बांधी. सनईवाला म्हातारा, त्याचा दम तोकडा. म्हणून सुरावट आखूड. हलगीवाल्याचं बोट वाकडं, त्याचा ठोका जरा उशिरा पडे. म्हणून सगळा ताफा त्या ठोक्यासाठी क्षणभर थांबे. त्या थांबण्यातच ऐकणाऱ्याचा जीव अडके.

दरबारात वाजवायचं, हे नाईकाचं जन्माचं स्वप्न. एका दसऱ्याला बोलावणं आलं, मानाची पगडीही मिळाली. ताफा गालिच्यावर बसणार, तोच दिवाणजी आडवे आले.

"हलगीवाला गावकुसाबाहेरचा. तो दाराबाहेर थांबेल. हलगी आमचा माणूस वाजवेल."

"दिवाणजी, ही चाल याच्या बोटावर बांधलीय."

"बोटं काय, आमच्या माणसालाही आहेत. आणि सरळ आहेत!"

दरबार हसला. हलगीवाला नाईकाच्या कानाशी लागला. "नाईक, माझ्यापायी नको. मी राहतो दारात. मला सवय आहे."

"तुला असेल," नाईक म्हणाला. "मला नाही."

त्याने पगडी उतरवून गालिच्यावर ठेवली. काळीज तुटत होतं, पण पाय अडखळले नाहीत. पाठोपाठ सगळा ताफा उठला आणि बाहेर पायऱ्यांवर वाजवू लागला.

राजा संतापला. त्याने दवंडी पिटवली, "या ताफ्याला जो कार्याला बोलावेल, त्याचं घर जप्त!"

ताफा माळावर राहायला गेला. हलाखीचे दिवस आले.

"नाईक, उपाशीपोटी दम आणखी तोकडा झालाय हो," सनईवाला म्हणे.

नाईक हसून सुरावट आणखी आखूड करी. माफी मागायला मात्र तो गेला नाही.

मग एके दिवशी एक वऱ्हाडच माळावर आलं. शिपायांनी अडवलं, तशी नवऱ्याची आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आम्ही कुठं बोलावलं त्यांना? आम्हीच आलोय!"

दवंडीत तसं काही नव्हतं. शिपायांनी वाट सोडली. हळूहळू राज्यातली सगळी लग्नं माळावर लागू लागली.

पुढे राजकन्येचं लग्न ठरलं. ती हटून बसली, "अक्षता पडतील तर माळावरच."

राजा मुकाट्याने आला. कुठे बसावं ते त्याला कळेना. तिथे राजासाठी वेगळी जागाच नव्हती.

"बसा की महाराज," हलगीवाला म्हणाला. "इथं कुठंही बसलेलं चालतं."

राजा खाली मातीत बसला. मग वाजंत्री सुरू झाली.

तात्पर्य: जिथे आपल्या सोबत्याला बसू देत नाहीत, तिथला मान घेऊ नये.