तबीचं आमेन

एकदा काय झालं, एका गावात एक नियम होता. जिची भाकरी फुगली, ती पंगतीतून उठली. आणि दुसरा नियम असा, की पहिल्या नियमाबद्दल काही विचारायचं नाही.

म्हणजे काय, ते सांगते. आधी पाय पांघरुणात घ्या बघू.

त्या गावात सुगीचा सण मोठा असायचा. पीक घरात आलं की सगळी ख्रिस्ती घरं चर्चसमोरच्या चिंचेखाली जमायची, देवाचे उपकार मानायची आणि एकत्र जेवायची. कुणी कोंबडा आणायचं, कुणी कांदे, कुणी भोपळा. ज्याच्या घरी काहीच नसे, तो मूठभर तीळ आणायचा. सगळं एका तांब्याच्या हंड्यात पडायचं. आणि हा हंडा साधा नव्हता, बरं का. रस्सा शिजला की त्याचं झाकण आपोआप घट्ट बसायचं. मग मंडळीतले वडील, म्हणजे चर्चचे वडीलधारे पुढारी, प्रार्थना करायचे. शेवटी सगळे म्हणायचे, “आमेन!” की झाकण टण्णकन उडायचं. मग कितीही जण जेवोत, रस्सा संपायचा नाही.

फक्त एक होतं. हंड्याला सगळ्यांचं आमेन लागायचं. अगदी बोबड्या पोराचंसुद्धा.

पंगतीत कोण बसायचं? पुरुष बसायचे, मुलं बसायची. मुलीही बसायच्या, पण त्यांची भाकरी फुगेपर्यंतच. एकदा का तव्यावर टम्म फुगली, की ती मुलगी चुलीकडे. कायमची. बायका जेवायच्या सगळ्यात शेवटी. तोवर भाकरी गार, रस्सा गार, चूलही गार.

म्हणून काही हुशार पोरी काय करायच्या, मुद्दाम भाकरी करपवायच्या. तबीला मात्र ते जमेना. तबी म्हणजे तबिता, सलोमीकाकूची पुतणी. तिला फार भूक लागायची आणि चांगली भाकरी फार आवडायची. आवडती गोष्ट कशी बिघडवायची?

मग एका वर्षी सणाच्या सकाळी तिने बाजरीची भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. आणि भाकरी अशी फुगली, अशी फुगली, जसा चंद्रच तव्यात उतरला!

सलोमीकाकू हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“धुराने गं,” ती म्हणाली. “संपली बाई तुझी पंगत.”

तबीने विचारलं, “काकू, तू सणाचं गरम कधी जेवलीस?”

काकूने आठवलं, बराच वेळ आठवलं. “माझी भाकरी फुगली ना, त्याच्या आदल्या वर्षी.”

तबीने परात पुढ्यात ओढली. परातीतलं पीठ मळत राहिली. पण असं मळत राहिली, की परात थरथरली.

मग दुपार झाली. पंगत बसली. रश्शाचा वास चिंचेच्या शेंड्यापर्यंत गेला. शांतवनआबा उठले. ते सगळ्यात मोठे वडील. त्यांनी पावसाबद्दल उपकार मानले, विहिरीबद्दल मानले, बैलांची तर नावं घेऊन मानले. सगळे म्हणाले, “आमेन!”

झाकण हललं नाही.

“कुणीतरी झोपलंय,” आबा म्हणाले. मग कडेवरच्या पोरांना हलवून जागं केलं. मग योहानतात्या उठले. त्यांनी जमिनीबद्दल उपकार मानले, पूर्वजांबद्दल मानले, चर्चच्या नव्या घंटेबद्दल मानले. “आमेन!”

झाकण हललं नाही.

मग पोरांच्या पोटात कावळे ओरडू लागले. आता अहरोनअण्णा उठले. अण्णांची प्रार्थना म्हणजे काय सांगू! त्यांनी आकाशातले तारे घेतले, समुद्रातले मासे घेतले, कधी न पाहिलेले हत्तीसुद्धा घेतले. त्यात एक कुत्रं पंगतीत येऊन, वास घेऊन, कंटाळून निघून गेलं. “आमेन!”

झाकण हललं का? छे!

“कोण म्हणत नाहीये?” आबा गरजले.

तेव्हा चुलीमागून तबी पुढे आली. हाताला पीठ, नाकाला राख.

“मी, आबा.”

“का गं? देवाचे उपकार मानायला जीभ झिजते?”

“उपकार मानायचेच आहेत. पण तुम्ही बैलांची नावं घेतलीत, हत्तींचे उपकार मानलेत. पहाटेपासून धुरात बसलेल्या माझ्या काकूचं नाव कुणी घेतलं?”

“ए पोरी, नियम आहे.”

“कुणाचा? देवाचा?”

योहानतात्यांनी खोकून घेतलं. “आणि बायका पंगतीत बसल्या, तर वाढेल कोण?”

“ज्याला हात आहेत, तो.”

“तबे, बस झालं,” आबा म्हणाले. “म्हण आमेन.”

तबीच्या पोटातही कावळेच होते, बरं का. रश्शाचा वास तिलाही येत होता. पण तिने हात झटकले, पीठ उडालं.

“नाही म्हणणार. काकू बसेल, सगळ्या बसतील, मी बसेन. मग म्हणेन.”

आबांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांकडे जगातल्या सगळ्या गोष्टींसाठी शब्द होते, पण आता एकही सापडेना.

शेवटी आबांनी हळूच आपली चटई सरकवली. एका माणसापुरती. मग तात्यांनी सरकवली. अण्णा उठले आणि त्यांनी भाकऱ्यांची टोपली उचलली. उलटी उचलली, ते सोडा.

सलोमीकाकू पदराला हात पुसत पुसत बसली. मग चुलीजवळच्या सगळ्याजणी बसल्या. मग तबी म्हणाली, “आमेन.”

झाकण असं उडालं, की चिंचेत जाऊन अडकलं! अजून तिथेच आहे म्हणतात.

काकूने पहिला घास घेतला आणि तिची जीभ पोळली. तेव्हा ती इतकी हसली, इतकी हसली, की सगळी पंगत हसली.

हंडा झाला पालथा, गोष्ट झाली पुरी. आता डोळे मिटा आणि आमेन म्हणा. पटलं असेल तरच, बरं का.