पुलावरची लेक आणि सात सभासद

एका राज्यात सगळं होतं, फक्त कशाचाच निकाल लागत नव्हता. राजा होता, त्याचं नाव सुवर्णकेतू. सिंहासन होतं, आणि त्यावर बसून बसून राजाच्या कंबरेत उसण भरली होती. सात सभासद होते. त्या सातांपुढे प्रश्न दोनच: घरांवर कर कसा बसवायचा, आणि नदीपलीकडच्या राज्यातून पुलावरून जे येतं ते कोणत्या नियमानं आत घ्यायचं. दोन प्रश्न आणि बारा वर्षं. तेवढ्यात आंब्याची कोय पुरली असती तर आंबे खाऊन झाले असते.

सभेची चाल अशी होती, की मागच्यानं जे म्हटलं ते पुढच्यानं आधी शब्द न शब्द म्हणून दाखवायचं, मगच आपलं सांगायचं. मूळपुरुष राजानं ही चाल घातली ती बिचाऱ्यानं चांगल्या मनानं, की एकानं दुसऱ्याचं ऐकावं. पण मागच्याच्या बोलण्यात त्याच्या मागच्याचंही आलं, आणि त्याच्याही मागच्याचं. होता होता एकेक भाषण तीन दिवसांचं झालं. बोलणारा स्वतःच्या मुद्द्याशी येईतो घसा बसे, मग तो 'परंतु' एवढंच म्हणे आणि खाली बसे.

एक म्हणे, घराची दारं मोजून कर घ्या. दुसरा म्हणे, चुली मोजा. तिसरा म्हणे, घराची सावली मोजा. त्यावर चौथ्यानं विचारलं, सकाळची की दुपारची. त्यात अख्खा पावसाळा गेला, आणि पावसाळ्यात सावलीच नव्हती.

त्या सभागृहाची जमीन सारवायला धुरपा नावाची बाई होती. रोज पाटी घेऊन यायची, सात जणांना पाय वर घ्यायला सांगायची, सारवायची आणि जायची. तिला एकच लेक, गजरा. ती नदीपलीकडे दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नवव्या महिन्यात ती निघाली.

पण त्याच दिवशी सकाळी काय झालं होतं, तर एक जादूगार चिडला होता. वर्षापूर्वी तो एक गोणी घेऊन पुलावर आला. नाकेदारानं गोणी तोलली, तर तिला वजन नव्हतं. मोजली, तर माप लागेना. मग प्रश्न सभेत गेला, म्हणजे विहिरीत गेला म्हणा. जादूगार वर्षभर उन्हात उभा राहिला, आणि मग सभागृहात येऊन त्यानं गोणी मधोमध आदळली.

"तुम्ही मला उभं ठेवलंत," तो म्हणाला. "आता सातही जण 'ठरलं' म्हणेपर्यंत पुलावर जो पाय ठेवील तो उभाच राहील."

आणि झालं तसंच. गुळाच्या गाड्या उभ्या राहिल्या, बैलांच्या शेपट्या वरच्या वर राहिल्या. गजरानं पुलाच्या मध्यावर एक पाऊल उचललं ते उचललेलंच राहिलं. भूक नाही, तहान नाही, डोळ्याची पापणी लवणं नाही. पोटातलं मूलही थांबलं. अशी तीन वर्षं.

धुरपा रोज पुलाच्या तोंडाशी यायची, लेकीला लांबून पाहायची आणि सारवायला जायची. सभेत तोवर गजराचाच विषय निघाला होता. पोटातलं मूल म्हणजे आत येणारा पाहुणा की आत आणलेला माल? माहेरी जन्मलं तर त्या घरात एक माणूस वाढलं, मग घराचा कर वाढला का? धुरपेनं हे ऐकलं आणि शेणाचा हात तसाच कंबरेवर ठेवला. राजाकडे गेली, म्हणाली की महाराज, तुम्ही तरी बोला. राजानं सुस्कारा टाकला. त्याची पाळी आठवी, आणि बारा वर्षांत ती एकदाही आली नव्हती.

सभागृहाच्या तुळईवर एक साळुंकी राहायची. बारा वर्षं सगळं ऐकून तिच्या डोक्यावरची पिसं गळाली होती. ती खाली उतरली.

"धुरपाबाई, तुझी लेक सुटेल तर माझे कान सुटतील. ऐक. सभेत एक पहिलं आसन आहे. त्यावर बसणाऱ्याला कुणाचंच बोलणं परत म्हणावं लागत नाही."

"मग कुणी बसत का नाही?"

"त्यासाठी तीन वस्तू पायाशी ठेवाव्या लागतात. आसनाच्या शिळेवर तसं कोरलंय. पण त्या शिळेवर सातांतले पहिले, प्रधान दीर्घदत्त, आपली पगडी ठेवतात."

पहिली वस्तू, कुणी न मोजलेलं घर. दुसरी, कुणालाही न विचारता नदी ओलांडून आलेला माल. तिसरी, घटकाभराची शांतता. धुरपा म्हणाली, पहिल्या दोन्ही जड नाहीत, तिसरी मात्र या राज्यात पिकत नाही.

घरासाठी तिला लांब जावं लागलं नाही. सभागृहाच्याच कोपऱ्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं, बोराएवढं. बारा वर्षं घरांवर बोलणाऱ्या सात जणांच्या डोक्यावर ते होतं. धुरपेनं माशीला हात जोडले. माशी म्हणाली, पिल्लं उडून गेलीत, ने.

मालासाठी ती पुलाच्या तोंडाशी जाऊन बसली. पलीकडच्या काठावर सावरीचं झाड होतं. दोन दिवस वारा नव्हता. तिसऱ्या दिवशी बोंड फुटलं, आणि कापसाची एक म्हातारी तरंगत निघाली. ती गजराच्या केसांत अडकली. धुरपेचा जीव टांगणीला लागला. मग ती म्हातारी आपली आपण सुटली आणि नाकेदाराच्या नाकापुढून येऊन धुरपेच्या पदरात बसली. नाकेदार शिंकला तेवढंच.

तिसऱ्या वस्तूसाठी साळुंकीनं सभागृहात मधोमध पडून राहिलेल्या गोणीकडे चोच केली. जादूगार शांततेचाच व्यापारी होता. आटलेल्या विहिरींतून आणि डोंगरकपारींतून भरून आणायचा, आणि आजाऱ्यांच्या घरी विकायचा.

"पण जपून," साळुंकी म्हणाली. "गाठ सोडील त्यालाच त्या शांततेत आपलं बोलता येईल, तेही एका श्वासापुरतं; बाकीच्यांना फक्त त्याचंच परत म्हणता येईल. बोलणं अर्धं राहिलं तर वाचा कायमची जाईल."

आता धुरपा काही कमी बोलणारी नव्हती. मीठ मागायला गेली तर शेजारणीला आपल्या लग्नापासून सांगायची. पण दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं रहाटापाशी उभं राहून बारा वर्षांचं सगळं भांडण मनात चाळलं. शब्द न शब्द तिच्या ध्यानात होता. धान्य पाखडावं तसं पाखडलं, तेव्हा मूठभर दाणे उरले. घागर वर येईपर्यंत ते म्हणून होतात की नाही, हे तिनं एकवीस वेळा पाहिलं. विसाव्या खेपेपर्यंत दम पुरला नाही.

मग ती सभेत गेली. प्रधान दीर्घदत्त उभे होते, भाषणाचा दुसरा दिवस होता. तिनं शिळेवरची पगडी उचलून त्यांच्या हातात दिली आणि पहिल्या आसनावर बसली. मातीचं घर ठेवलं, सावरीची म्हातारी ठेवली, आणि गोणीची गाठ सोडली.

शांतता दूध उतू जावं तशी सभाभर पसरली. सातांची तोंडं हलत होती, आवाज नव्हता. बारा वर्षांत पहिल्यांदा राजाला बाहेरचा कावळा ऐकू आला.

धुरपेनं श्वास घेतला.

"राहत्या घराला कर नाही, रिकाम्या वाड्याला आहे, गोणी पूल ओलांडील तर दहात एक भाग राजाचा, माणूस ओलांडील तर ते माणूस, माल नव्हे, आणि पोटातलं पोर त्याच्या आईचं, ठरलं."

शेवटच्या शब्दाला तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पण शब्द पुरा पडला.

आता चाल ती चाल. मागच्यानं म्हटलेलं पुढच्यानं म्हणायलाच हवं. आणि त्या शांततेत बोललं गेलं होतं तेवढंच पुन्हा बोलता येत होतं. प्रधानांचे स्वतःचे अकरा रिकामे वाडे होते. निकाल बारा वर्षं का अडला, ते तिथंच कळलं असतं कुणालाही. त्यांनी वाड्यांपाशी कपाळ पुसलं, पण म्हणाले सगळं, 'ठरलं'पर्यंत. पुढे 'परंतु'साठी तोंड उघडलं, तर त्याला आवाजच नव्हता. दुसऱ्यानं म्हटलं, तिसऱ्यानं म्हटलं. सातवा झाला आणि आठवी पाळी राजाची आली. त्याचा स्वतःचा आवाज त्यालाच ओळखू येईना.

"ठरलं," राजा म्हणाला, आणि उठून उभा राहिला.

तिकडे पुलावर बैलांच्या शेपट्या खाली आल्या. गजरानं उचललेलं पाऊल टेकलं. धुरपा सभेतून धावत आली, तर लेक तिलाच म्हणते कशी, "आई, अगं एवढी धापा काय टाकतेस? मी आत्ताच तर निघाले. चल लवकर, माझं पोट दुखतंय."

धुरपा काहीच बोलली नाही. तिला ते पहिल्यांदाच जमलं.

धुरपेच्या घराला एकच दार होतं. उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं आणि दिवेलागणीला मुलगी झाली. तिनं असा टाहो फोडला, की तुळईवरच्या साळुंकीनं पंखांनी कान झाकले. जादूगार रिकामी गोणी मागायला आला, तेव्हा धुरपेनं त्याला सभागृहाची वाट दाखवली. तिथं आता रोज गोणीभर शांतता मिळते म्हणतात.

जशी धुरपेची लेक उंबऱ्याच्या आत आली, तशी वाटेत अडकलेली सगळी माणसं आपापल्या उंबऱ्याच्या आत येवोत.