तुरटीचा मान

येसाक्का मंजिष्ठेच्या लाल रंगात कातडं रंगवायची. सरदार निंबाजीरावांच्या जोड्यांसाठी तिने आधी तुरटीचं पाणी काढलं, तसे सरदार कडाडले, "तुरटी मी रोज पायांना चोळतो, घाम येऊ नये म्हणून. तीच जनावराच्या कातड्याला? खबरदार!"

येसाक्काने बिनतुरटीचं कातडं रंगवून दिलं.

दसऱ्याच्या दरबारात सरदारांनी ऐटीत जोडे काढले. बघतात तर जोडे फिक्कट आणि पाय नव्या नवरीसारखे लालभडक! दरबार खो खो हसला.

सरदारांनी येसाक्काला बोलावून दरडावलं, "तुझा रंग कच्चा!"

"रंग पक्का आहे, सरकार," येसाक्का म्हणाली. "तुरटी लागलेल्या कातड्यालाच तो धरतो, मग कातडं कुणाचंही असो. खोटं वाटत असेल, तर पाय धुऊन बघा!"