रायाजीचा फेटा

एका राज्यात एक राजा होता. नव्या सिंहासनासाठी त्याने डोंगरावरचा चीड वृक्ष तोडला. सुईसारख्या पानांचा तो वृक्ष चेटकिणीचा होता. ती दरबारात आली.

"माझे झाड नेलेस, तुझी लेक नेते. तुझ्या बागेत चिडाला नवा कोंब फुटेल, त्या दिवशी ती परत मिळेल. रोपे देईन तीन. चौथे नाही."

राजकन्या कनकलेखा मैना झाली आणि बागेत जाऊन बसली.

बाग रायाजी माळ्याची. त्याने तिला लहानपणी खांद्यावर खेळवलेले. राजाने विचारले, "रोप जगेल ना रे?"

"महाराज, माझ्या हातची काठीसुद्धा पालवते."

मैना म्हणाली, "काका, तुमचा फेटा झाडापेक्षा उंच!"

रायाजी हसला. राजाने दिलेला मानाचा फेटा होता तो.

पहिले रोप त्याने डोंगरावर जाऊन चेटकिणीकडून आणले. मुळे सात पाण्यांनी धुऊन लावायची, हा त्याच्या घराण्याचा शिरस्ता. मुळांना पांढरी बुरशी होती, तीही त्याने नखाने खरवडली. महिन्यात रोप वाळले. त्याच्याबरोबर मैनेचे निम्मे शब्द गेले.

दुसरे रोप त्याने चौदा पाण्यांनी धुतले. तेही गेले. मैनेजवळ एकच शब्द उरला, "काका."

तिसऱ्या वेळी रायाजी चेटकिणीसमोर खाली बसला.

"माझे चुकते कुठे?"

"दोनदा आलास, एकदा तरी विचारलेस?"

"आज विचारतो."

"ती बुरशी म्हणजे रोपाची दाई. तीच त्याला भरवते. तू दरवेळी दाईला हाकलून देतोस आणि लेकरू जगत नाही म्हणून रडतोस."

रायाजीने रोप मातीसकट उपटले. माती वाटेत सांडू लागली. त्याने डोक्यावरचा फेटा सोडला, मुळांचा गड्डा त्यात बांधला आणि राजधानीतून बोडक्या डोक्याने चालत आला. लोक हसले. त्याने मान वळवली नाही. फेट्यासकट रोप पुरले.

पावसाळा सरला, थंडी सरली. एका सकाळी शेंड्यावर मेणबत्तीसारखा कोंब उभा राहिला. मैना त्याच्याजवळ उतरली आणि कनकलेखा होऊन उभी राहिली.

"काका, फेटा कुठे?"

"झाडाखाली, ताईसाहेब."

"तरीच वाढले. खत उंची होते."

राजाने सिंहासन मोडले, त्या लाकडाचे झाडाला कुंपण केले आणि स्वतः घोंगडीवर बसून न्याय करू लागला. रायाजीला त्याने नवा फेटा देऊ केला. रायाजी म्हणाला, "पुढच्या रोपाला लागेल," आणि तो खुरप्याशेजारी खुंटीला टांगून ठेवला.