हळद-कुंकू लावलेली बाटली

एकदा एक म्हातारा होता, आणि त्याला वाइन चाखायचा पगार मिळायचा. नाव पुंजाबा. दिंडोरीकडच्या एका वाइनरीतले सगळेच त्यांना बाबा म्हणायचे. नुसता वास घेऊन बाबा वाइन कुठल्या बॅरलमध्ये, म्हणजे लाकडी पिंपात, मुरलीय ते ओळखायचे. आता ते थकले होते, आणि आपल्या जागी कुणाला बसवायचं, बॅरलच्या खोलीची किल्ली कुणाला द्यायची, ते त्यांनीच ठरवायचं होतं. त्यांचा शिष्य दिगंबर तर मनातल्या मनात ती किल्ली कमरेला लावून हिंडायलाही लागला होता.

एका बुधवारी बाबा म्हणाले, "दिगंबर, आज तुझ्याकडे जेवायला येतो रे."

दिगंबरनं घाईघाईत बायकोला फोन लावला. "सुवर्णा, काय केलंयस?"

"पिठलं."

"अगं, बाबा येतायत. पनीर कर ना."

"आणि दूध नासायची वाट कोण बघणार? तुम्ही?"

झालं. बाबा पिठल्यालाच आले. पण दिगंबरकडे एक हुकमाचा पत्ता होता. हॉलमधल्या शोकेसमध्ये, बल्बच्या खाली, क्रिकेटच्या कपांच्या मधोमध एक बाटली उभी होती. बाबांनीच त्याच्या लग्नात दिलेली, त्यांच्या हातची सगळ्यात भारी वाइन. दर दसऱ्याला हत्यारांची पूजा व्हायची, तेव्हा पान्यांबरोबर बाटलीलाही हळद-कुंकू लागायचं. आता तर लेबल वाचायचं म्हटलं तरी खरवडावं लागलं असतं.

"बघा बाबा, किती जपलीय," दिगंबर म्हणाला.

बाबांनी बाटली उजेडात धरली. मग ती हातात घेऊनच ताटावर येऊन बसले आणि म्हणाले, "सुवर्णा, कांदा चिरून आण गं."

कांदा आला. बाबांनी बूच काढलं, तर बल्बच्या धगीनं वाळून त्याचा भुगाच झाला होता. आणि मग दिगंबर अख्ख्या वाइनरीत जिच्या बढाया मारायचा, ती बाटली त्यांनी सरळ कांद्यावर ओतली. वरून मीठ टाकलं आणि हातानं कालवलं.

दिगंबरचा घास हातातच राहिला. तोंड उघडं ते उघडंच.

"बाबा, ती तुमची भेट होती."

"कांदा खा."

त्यानं खाल्ला. कानापर्यंत आंबट. भारी वाइनचं पार व्हिनेगर झालं होतं.

"कशासाठी ठेवली होतीस?" बाबांनी विचारलं.

"चांगल्या दिवसासाठी."

"पोरगी झाली तेव्हा?"

"तेव्हा दवाखान्यात धावपळ होती."

"हे घर घेतलंस तेव्हा?"

"तेव्हा ग्लास चांगले नव्हते."

बाबांनी पिशवीतून वाइनरीची सगळ्यात स्वस्त बाटली काढली, फिरकीच्या झाकणाची. ती स्टीलच्या फुलपात्रात ओतली. दिगंबरला वाटलं, आता मला देतील. त्यांनी ती सुवर्णाला दिली. दिगंबर पुन्हा हबकला, कारण बायकोलाही वाइन चाखायला द्यावी, हे इतक्या वर्षांत त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सुवर्णानं फुलपात्र नाकाशी धरलं. "अय्या, तुमच्या शर्टाला रोज हाच वास येतो की." मग पिठल्याबरोबर एक घोट घेतला. "पिठलं जास्तच झणझणतंय हिच्यामुळं. जरा गोडसर नाही का कुठली?"

बाबा खुदकन हसले. मग दिगंबरकडे वळून शांतपणे म्हणाले, "वाइन ही अन्नाची सोबतीण आहे रे. तिला तू देव्हाऱ्यात बसवलंस आणि उपाशी ठेवलंस. ती चांगल्या दिवसाची वाट बघत आंबली. दिवस तर येऊन गेले. बॅरलमधलं तुला सगळं कळतं, ताटातलं काहीच कळत नाही. किल्ली कशी देऊ?"

दिगंबर ताटातला कांदा चिवडत बसला. बाबांनी मात्र दोनदा पिठलं मागून घेतलं आणि मगच घरी गेले.

पुढच्या आठवड्यात तो बाबांच्या समोर जाऊन उभा राहिला. किल्लीचं नाव काढलं नाही.

"काल एक गोडसर नेली होती. स्वस्तातलीच," तो म्हणाला. "घरी दोडका होता."

"मग?"

"सुवर्णा म्हणाली, दोडक्याला वाया गेली, ही पिठल्याला ठेवा. म्हणून आज पुन्हा पिठलं आहे."

बाबांनी कमरेची किल्ली सोडली आणि त्याच्या हातावर ठेवली. "मग आज वेळेवर घरी जा," म्हणाले.

तुमच्याही शोकेसमध्ये चांगल्या दिवसासाठी काहीतरी उभं असेल. एकदा हुंगून बघा.