टेकडीवरची शिदोरी

फुलं अजून जन्माला यायची होती, तेव्हाची ही गोष्ट. सारं रान ओढ्याकाठी दाटीनं नांदायचं. उजाड टेकडीवर मात्र एकच झाड होतं. वाऱ्यावर दुरून पराग आला. त्याचा धनी झाडानं कधी पाहिलाही नाही. पण बिया धरल्या.

खालून ओढ्याकाठचे नेचेबुवा पानांचे पिसारे हलवत ओरडले, "पोरी, मी नुसती भुकटी उधळतो, ओलीवर पोरं आपोआप उगवतात. तू एकेका बीला एवढी शिदोरी बांधून देतेस, स्वतः वाळत चाललीस की!"

"माझ्या लेकरांजवळ ओढा नाही, बुवा," झाड म्हणालं. "त्यांना भूक लागेल तेव्हा मीही नसेन."

पुढे पाऊस रुसला. ओढा आटला, नेचेबुवांची भुकटी काठावरच करपली. टेकडीवरचं झाडही उभ्या उभ्या वाळून गेलं.

कितीतरी उन्हाळ्यांनी पाऊस परतला. खडकाच्या फटीत एक बी जागं झालं. भुकेनं कासावीस होऊन त्यानं आईला हाक मारली. ओ आली नाही. उशाशी शिदोरी तेवढी होती. ती खाऊन त्यानं पहिलं पान उघडलं.

ती कुणी बांधली, हे सांगायला टेकडीवर कुणीच नव्हतं. तरी मोठं झाल्यावर त्यानंही शिदोरी बांधायला घेतली.