शुद्ध बीगल

आमचा गुंड्या मंडईमागच्या उकिरड्यावर सापडलेला. सोसायटीच्या बागेत मात्र जातिवंत कुत्र्यांनाच प्रवेश, आणि परवान्यावर सही अध्यक्ष धारवाडकरांची.

"कोणत्या जातीचा?" त्यांनी विचारलं.

चौतीस वर्षं कारकुनी केलेला मी साहेबापुढे खरं बोलण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, "तुमच्यासारख्या जाणकाराला आम्ही काय सांगायचं?"

अध्यक्ष फुलले. "बीगल! शुद्ध बीगल!" म्हणत त्यांनी परवान्यावर तसं लिहून सही ठोकली. मग गुंड्याचे ताठ उभे कान पाहून ते चपापले.

"पण वहिनी, बीगलचे कान पडलेले असतात."

"तुमची सही झाल्यावर कानांचं कोण ऐकतंय, साहेब?"

धारवाडकरांनी निमूट परवाना दिला. मी मात्र अजून 'गावठी' हा शब्द तोंडात धरून उभा होतो. तो घरी येऊन चहाबरोबर गिळला.